तरुण वय, उतावळे मन आणि मद्य

तरुणांच्या मद्यपानाचे वेगळेपण ते किती पितात यापेक्षा कसे पितात यात आहे. पन्नाशीतला नियमित पिणारा बहुधा रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने पितो. विशीतला तरुण आठवड्यातले पाच-सहा दिवस दारूला शिवतही नाही आणि शनिवारी रात्री एकाच बैठकीत सगळी कसर भरून काढतो. दोघांची महिन्याची बेरीज सारखी आली तरी परिणाम सारखे नसतात. पहिल्याचे यकृत वर्षानुवर्षे हळूहळू खराब होत जाते. दुसरा त्याच रात्री दुचाकीवरून पडतो, त्याचे भांडण हातघाईवर येते किंवा पोहता येत नसताना तो धरणाच्या पाण्यात उडी मारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालच्या आकडेवारीनुसार जगभरातल्या एकूण मृत्यूंपैकी ५.३ टक्के मृत्यूंमागे मद्य होते. २० ते ३९ या वयोगटात मात्र हे प्रमाण सुमारे १३.५ टक्के होते.

या वयातली हानी अशी काही मिनिटांत घेतलेल्या, किंवा खरे तर न घेतलेल्याच, निर्णयांतून होते. आणखी एक पेग भरला जातो, गाडीची किल्ली उचलली जाते, कुणाला तरी फोन लावला जातो. परिणामांचा पुरेसा विचार न करता मनातल्या ऊर्मीला झटपट वाट करून देण्याच्या प्रवृत्तीला मानसशास्त्र आवेगशीलता म्हणते आणि गेल्या काही दशकांत मद्याच्या अभ्यासात तिला मध्यवर्ती जागा मिळाली आहे. हा अभ्यास मुख्यतः १८ ते २५ या वर्षांभोवती फिरतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली या टप्प्याला पौगंडावस्था आणि प्रौढपणा यांच्यामधली स्वतंत्र अवस्था मानावे असे सुचवले. या वयात घरचा धाक सुटलेला असतो आणि स्वतःच्या संसाराची जबाबदारी अजून अंगावर आलेली नसते. भारतात हे वर्णन शहरातल्या शिकणाऱ्या मुलांना चपखल बसते. अठराव्या वर्षी कामाला लागलेल्या आणि विसाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलाला ते तितकेसे लागू पडत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवे.

मद्याचे माप नीट कळल्याशिवाय पुढची चर्चा हवेत राहते. संशोधनात दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल हे एक प्रमाणित एकक धरतात. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमची तीव्रता सहसा ४२.८ टक्के असते, म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल येते. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ते ६० ग्रॅमच्या थोडे वर जाते. आठ टक्के तीव्रतेच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, अर्थात चार लहान पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ या वाक्याचा हिशेब असा होतो. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा अधिक अल्कोहोल घेतले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिरेकी मद्यपानाची बैठक म्हणते. आपल्याकडच्या तरुणांच्या भाषेत ती एक क्वार्टर होते आणि पिणाऱ्यांच्या वर्तुळात क्वार्टरला कुणी अतिरेक मानत नाही. यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते, त्यामुळे एवढे मद्य शरीराबाहेर पडायला आठेक तास लागतात. ६५ किलो वजनाच्या तरुणाने एक क्वार्टर दोन तासांत संपवली तर त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात अंदाजे १०० मिलिग्रॅम अल्कोहोल असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे वाहन चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

अतिरेक कसा घडतो हे वसतिगृहातल्या किंवा भाड्याच्या फ्लॅटवरच्या एका साध्या बैठकीतून स्पष्ट दिसते. ‘आज बसायचे का?’ या प्रश्नाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. कॉन्ट्री काढली जाते. चौघांत चार क्वार्टर घेण्यापेक्षा एक खंबा स्वस्त पडतो म्हणून खंबाच येतो. ७५० मिलिलिटर चौघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ६३ ग्रॅम अल्कोहोल येते. कुणी किती प्यायचे हे इथे कुणाच्याही इच्छेने ठरलेले नसते, ते बाटलीच्या आकाराने आणि हिशेबाच्या सोयीने ठरते. जेवण नंतर करायचे असते, त्यामुळे पोटात फक्त चखणा असतो आणि मद्य रक्तात लवकर भिनते. बाटली संपत आली की दुकान बंद व्हायच्या आत कुणीतरी जाऊन यायचे ठरते. जाणारा अर्थातच प्यायलेला असतो आणि दुचाकीवर जातो. या साखळीत प्रत्येक कडी वेगळ्या प्रकारच्या उतावळेपणाची आहे.

उतावळेपणा हा स्वभावाचा एकच गुण आहे ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. अर्नेस्ट बॅरट यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याची प्रश्नावली तयार करायला घेतली. तिची आज सर्वाधिक वापरात असलेली अकरावी आवृत्ती १९९५ ची असून तिच्यात ३० विधाने आहेत. लक्ष न टिकणे, विचाराआधी कृती होणे आणि पुढचा बेत न आखणे असे तीन भाग तिच्यात मोजले जातात. २००१ साली व्हाइटसाइड आणि लायनम यांनी तोवरच्या विविध प्रश्नावल्या एकत्र तपासल्या आणि आवेगशीलतेच्या चार वाटा वेगळ्या काढल्या. पहिली, मन बेचैन असताना होणारी घाई. दुसरी, कृतीपूर्वी विचार न करणे. तिसरी, हाती घेतलेल्या कामात चिकाटी नसणे आणि चौथी, थराराची ओढ. पुढे सायडर्स आणि स्मिथ यांनी पाचवी वाट जोडली : अतिआनंदाच्या भरात होणारी घाई. प्लेसमेंट मिळाल्याची पार्टी, क्रिकेटचा सामना जिंकल्याची रात्र, थर्टी फर्स्ट आणि श्रावण लागण्याआधीची गटारी हे सगळे या पाचव्या वाटेचे प्रदेश आहेत.

या वाटा वेगवेगळ्या ठिकाणी पोचवतात आणि या विषयातला सर्वांत उपयुक्त निष्कर्ष हाच आहे. थराराची ओढ असलेले तरुण लवकर आणि वारंवार पितात, पण त्यांतले पुष्कळ जण व्यसनापर्यंत जात नाहीत. त्यांना नवा अनुभव हवा असतो. गिर्यारोहण किंवा बाइकवरची लडाख-वारी त्यांची भूक तितकीच भागवते. याउलट, अपमान, विरह किंवा अपयश सहन न होऊन त्या क्षणी सुटका शोधणारे तरुण कदाचित कमी वेळा पितात, पण पिण्यातून उद्भवणाऱ्या अडचणी आणि पुढचे अवलंबित्व यांच्याशी त्यांचे नाते अधिक घट्ट असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत दिसले आहे. मराठी प्रेक्षकाला हे उदाहरणासह ठाऊक आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातला सुधाकर बुद्धिमान आणि मानी वकील आहे. थराराची त्याला मुळीच आवड नाही. न्यायालयात झालेला अपमान त्याला पचत नाही, नेमक्या त्या घटकेला तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो आणि पुढचा सगळा विनाश तिथून सुरू होतो. नाटककाराने स्वभाव, प्रसंग आणि सोबत या तीन गोष्टी ज्या अचूकपणे एकत्र आणल्या आहेत ती अचूकता अनेक प्रश्नावल्यांना साधलेली नाही.

प्रश्नावल्यांची अडचण खरीच आहे. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते त्याच्या समजुतीवर अवलंबून असते. म्हणून प्रयोगशाळेत वर्तन थेट मोजण्याच्या चाचण्या आल्या. १९८४ मध्ये लोगन आणि कोवन यांनी मांडलेल्या पद्धतीत पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचे असते, पण मध्येच थांबण्याचा इशारा आला तर सुरू झालेली कृती रोखायची असते. रोखायला किती मिलिसेकंद लागतात त्यावरून आत्मनियंत्रण मोजले जाते. दुसऱ्या प्रकारच्या चाचणीत पर्याय दिले जातात : आज ५०० रुपये की महिन्याने १,०००? उशिरा मिळणाऱ्या लाभाची किंमत माणूस मनात किती वेगाने कमी करतो हे अशा अनेक प्रश्नांतून काढले जाते. मद्यावर अवलंबून असलेल्यांमध्ये ही घसरण सर्वसाधारण माणसांपेक्षा तीव्र असल्याचे वारंवार आढळले आहे. गंमत अशी की प्रश्नावलीतली आवेगशीलता आणि चाचणीतली आवेगशीलता यांचा परस्परसंबंध जेमतेम ०.१ च्या आसपास भरतो. एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी मोजल्या जात असल्याचा संशय त्यातून बळावतो. ‘आवेगशील व्यक्ती जास्त दारू पितात’ असे ठोकळ विधान वाचले की ती आवेगशीलता कशाने मोजली हे आधी पाहायला हवे.

लाभाची किंमत घसरण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. ती सरळ रेषेत उतरत नाही. लाभ अगदी जवळ आला की त्याचे आकर्षण एकदम उसळी घेते. जॉर्ज एन्स्ली यांनी १९७५ साली दाखवून दिले की यामुळे माणसाची पसंती काळाबरोबर उलटते. सोमवारी शनिवारचा पेला आणि रविवारची स्वच्छ सकाळ दोन्ही दूर असतात, म्हणून सकाळच मोलाची वाटते आणि ‘या आठवड्यात नाही’ हा निश्चय प्रामाणिक असतो. शनिवारी रात्री नऊ वाजता पेला हातभर अंतरावर असतो आणि सकाळ बारा तासांवर. ‘उद्यापासून बंद’ म्हणणाऱ्याला घरचे लोक खोटारडा ठरवतात. हे संशोधन पाहता तो बऱ्याचदा खोटे बोलत नसतो. फक्त बोलतानाचा आणि पितानाचा हिशेब वेगवेगळ्या अंतरांवरून केलेला असतो.

तरुण वयातच हे सगळे इतके तीव्र का, याचे उत्तर काही अंशी मेंदूच्या वाढीत आहे. नियोजन आणि संयम सांभाळणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. सुख आणि नवलाई यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा मात्र पौगंडावस्थेतच जोरात चालू लागते. लॉरेन्स स्टाइनबर्ग, बी. जे. केसी आणि इतरांनी २००८ च्या सुमारास या विषम वाढीचे प्रारूप मांडले. ते फार लोकप्रिय झाले, कदाचित गरजेपेक्षा जास्त. ‘मेंदूच कच्चा आहे’ असे म्हटले की घर, शाळा आणि बाजार यांपैकी कुणालाच जाब विचारावा लागत नाही. खुद्द स्टाइनबर्ग यांचाच एक प्रयोग वेगळ्या दिशेला बोट दाखवतो. मार्गो गार्डनर यांच्यासह २००५ मध्ये केलेल्या या प्रयोगात वाहन चालवण्याचा संगणकीय खेळ वेगवेगळ्या वयाच्या लोकांना एकटे असताना आणि मित्रांसमोर खेळायला दिला. मित्र पाहत असताना पौगंडवयीन मुलांनी आणि विशीच्या आसपासच्या तरुणांनी प्रौढांच्या तुलनेत कितीतरी अधिक धोका पत्करला. तेव्हा आवेग कवटीच्या आत असतो तितकाच खोलीत बसलेल्या मंडळींतही असतो.

तरुण शरीराचे मद्याशी नातेही वेगळे असते. लिंडा स्पिअर यांच्या उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की किशोरवयीन प्राण्यांना मद्याची गुंगी आणि तोल जाणे प्रौढांपेक्षा कमी जाणवते, पण त्यातून येणारा समूहातला मोकळेपणा मात्र अधिक मिळतो. माणसाच्या बाबतीत असे प्रयोग नैतिकदृष्ट्या करता येत नाहीत. तरीही ‘मला चढत नाही’ अशी बढाई ज्या वयात सर्वाधिक ऐकू येते त्या वयाला हे वर्णन जुळते. झोप येणे आणि मळमळणे हे शरीराचे थांबण्याचे इशारे असतात. ते उशिरा आले की पेल्यांची संख्या वाढते.

इथवर आवेग हे कारण आणि मद्य हा परिणाम असा क्रम होता. प्रत्यक्षात तो उलटाही चालतो. मध्यम मात्रेतले मद्य कृती सुरू करण्याच्या क्षमतेपेक्षा ती थांबवण्याच्या क्षमतेला आधी बाधा आणते. मार्क फिलमोर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतली आणखी एक बाब दुचाकीस्वारांनी लक्षात घ्यावी अशी आहे. रक्तातले अल्कोहोल उतरणीला लागते तेव्हा प्रतिक्रियेचा वेग पुन्हा सुधारतो, मात्र स्वतःला रोखण्याची क्षमता तशी सावरत नाही. म्हणजे ‘आता उतरली’ असे वाटते त्या वेळी हातपाय तयार झालेले असतात आणि संयम अजून गैरहजर असतो. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० मध्ये याची मानसिक बाजू मांडली. मद्यामुळे लक्षाचा परीघ आकसतो, समोरचे आणि ठसठशीत तेवढेच दिसते, दूरचे परिणाम नजरेआड होतात. समोर हसणारे मित्र असतील तर माणूस खुलतो आणि समोर अपमान करणारा असेल तर हात उचलतो. एकच पेला एकाला प्रेमळ आणि दुसऱ्याला भांडखोर का बनवतो, याचे हे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर आहे.

याच आकसलेल्या परिघात आत्महत्येचा प्रश्नही येतो. भारतात आत्महत्या हे तरुणांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. काही प्रयत्नांमागे दीर्घ आजार किंवा बरेच दिवस चाललेला विचार असतो. काहींत मात्र भांडण आणि कृती यांत मिनिटांचेच अंतर असते, आणि त्या मिनिटांत पोटात दारू व घरात कीटकनाशक असले तर ऊर्मी ओसरायला वेळच मिळत नाही. कीटकनाशके कुलपात ठेवणे किंवा अतिविषारी रसायनांवर बंदी घालणे हे उपाय म्हणूनच परिणामकारक ठरतात. स्वभाव न बदलता ते मधला वेळ वाढवतात.

काही जणांना ही घाई वारशाने मिळते. मद्याच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. तो वाटा अंशतः चंचलता, नियम मोडण्याची वृत्ती आणि संयमाचा अभाव अशा स्वभावविशेषांतून वाहतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी मद्यासक्त पित्यांच्या अशा मुलांचा अभ्यास केला ज्यांनी स्वतः अजून दारूला स्पर्श केलेला नव्हता. त्यांच्यात असे वर्तन अधिक आढळले आणि मेंदूच्या काही भागांच्या आकारमानातही फरक दिसला. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. पहिल्या दहा वर्षांत ज्यांचा आत्मसंयम कमी नोंदला गेला होता त्यांना ३२ व्या वर्षी आरोग्य, पैसा आणि व्यसन या तिन्ही आघाड्यांवर अधिक अडचणी होत्या.

अशा निष्कर्षांवरून मुलांच्या कपाळावर शिक्के मारण्याचा मोह होतो आणि तो टाळलेला बरा. वॉल्टर मिशेल यांचा गोळी आत्ता खायची की थांबून दोन मिळवायच्या, हा लहान मुलांवरचा प्रयोग जगप्रसिद्ध आहे. २०१८ मध्ये मोठ्या नमुन्यावर तो पुन्हा तपासला गेला तेव्हा कुटुंबाची परिस्थिती हिशेबात धरताच त्याची भविष्य सांगण्याची ताकद बरीच ओसरली. त्याआधी २०१३ साली सेलेस्ट किड यांनी एक साधा बदल करून पाहिला होता. ज्या मुलांना प्रयोग घेणाऱ्याने आधी दिलेला शब्द मोडला होता ती सरासरी तीन मिनिटे थांबली. ज्यांना शब्द पाळल्याचा अनुभव होता ती बारा मिनिटे थांबली. मजूर अड्ड्यावर उद्याचे काम नक्की नसलेल्या, घरून पैसे येतील याची खात्री नसलेल्या तरुणाने आजचे सुख आज पदरात पाडून घेतले तर त्यात स्वभावदोष किती आणि अनुभवातून आलेला शहाणपणा किती, हे प्रश्नावली सांगू शकत नाही.

भारतातली आकडेवारी हा प्रश्न वेगळ्या प्रकाशात ठेवते. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, मद्य घेतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने पिणारे कमी आहेत. पण जे पितात त्यांतला मोठा हिस्सा कडक मद्य, चढेपर्यंत पितो. मधला, जेवणासोबतच्या एका ग्लासाचा टप्पा आपल्या बहुतांश समाजात नाहीच. एक तर शिवायचे नाही किंवा बाटली संपवायची. शहरी तरुणींमध्ये पिणे वाढल्याची चर्चा पुष्कळ होते, सर्वेक्षणांत ते पुरेसे उतरत नाही, कारण बदनामीच्या भीतीने उत्तरच दिले जात नाही. शरीरातल्या पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याने स्त्रीच्या रक्तातले अल्कोहोल अधिक चढते, ही बाब मात्र त्या चर्चेत क्वचितच येते.

महाराष्ट्र आणि गोवा ही शेजारी राज्ये या बाबतीत दोन टोकांना आहेत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. कायद्याप्रमाणे पिण्यासाठी परवाना लागतो. बिअर आणि वाइनसाठी २१, तर इतर मद्यांसाठी २५ वर्षांची अट आहे. गोव्यात ती १८ आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील पुरुषांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के आणि गोव्यात सुमारे ३७ टक्के आढळले. हा सगळा फरक कायद्याचा नाही. त्यात गोव्याची खाद्यसंस्कृती, फेणीची परंपरा आणि पर्यटन यांचा वाटा आहे. शिवाय महाराष्ट्रातली वयाची अट कागदावर किती आणि काउंटरवर किती, हे कोणत्याही महाविद्यालयाजवळच्या वाइन शॉपसमोर दहा मिनिटे उभे राहिले तरी कळते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीने झालेल्या अपघातानंतर पबमध्ये वय तपासले जाते का हा प्रश्न काही आठवडे गाजला आणि मग नेहमीप्रमाणे मागे पडला.

गोव्यातूनच भारतातला एक महत्त्वाचा पुरावा मिळाला आहे. उत्तर गोव्यातल्या २० ते ४९ वयाच्या सुमारे १,९०० पुरुषांच्या अभ्यासात पिणाऱ्यांपैकी किती जणांनी पौगंडवयात सुरुवात केली हे पाहिले गेले. १९५६ ते ६० दरम्यान जन्मलेल्यांत हे प्रमाण १९.५ टक्के होते, १९८१ ते ८५ दरम्यान जन्मलेल्यांत ७४.३ टक्के. या तुलनेत थोडी गणिती फसगतही आहे. जो अभ्यासाच्या वेळी विशीत होता त्याला पस्तिशीत सुरुवात करण्याची संधी तोवर मिळालेलीच नव्हती, त्यामुळे तरुण पिढीतले पिणारे आपोआप ‘लवकर सुरू केलेले’ ठरतात. ती सूट दिली तरी बदल मोठाच राहतो. लवकर सुरुवात महत्त्वाची का, याचे उत्तर अमेरिकेतल्या ग्रँट आणि डॉसन यांच्या १९९७ च्या अभ्यासात आहे. पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधीतरी मद्यावर अवलंबून झाले. विसाव्या वर्षी किंवा नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. लवकर सुरुवात स्वतःच घातक ठरते की मुळात उतावळी असलेली मुलेच लवकर सुरुवात करतात, हा वाद मिटलेला नाही. दोन्ही खरे असण्याची शक्यता अधिक.

बहुतेक तरुण या अवस्थेतून बाहेर पडतात, हे व्यसनमुक्तीच्या भाषणांत सहसा सांगितले जात नाही. नोकरी, लग्न, मूल यांसोबत पिणे आपोआप उतरते. अँड्र्यू लिटलफिल्ड आणि केनेथ शेर यांनी १८ ते ३५ या वयात तरुणांचा पाठपुरावा केला तेव्हा असे दिसले की ज्यांची आवेगशीलता आणि मनाची अस्थिरता वयानुसार कमी झाली त्यांचे समस्याग्रस्त पिणेही कमी झाले. हे नाते लग्न आणि पालकत्व हिशेबात धरूनही टिकले. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ या घरोघरच्या सल्ल्याला यातून आधार मिळत नाही. आणि सुधारला नाही तर त्याची किंमत सुधाकरच्या पत्नीच्या, सिंधूच्या वाट्याला येते, हेही गडकऱ्यांनी दाखवून ठेवले आहे.

जे बाहेर पडत नाहीत त्यांच्यासाठी काय करता येते, याबद्दलचे ज्ञान गेल्या पंचवीस वर्षांत बरेच वाढले आहे. भीती दाखवणारी व्याख्याने आणि सडलेल्या यकृताची चित्रे थराराची ओढ असलेल्या मुलांवर फारसा परिणाम करत नाहीत. पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी शाळकरी मुलांचे निराशा, चिंता, आवेग आणि थरार असे चार स्वभावगट पाडले आणि प्रत्येक गटासाठी जेमतेम दोन सत्रांचा वेगळा कार्यक्रम आखला. लंडनमधल्या शाळांत त्याने मद्यपान कमी झाले. सोमवारचा निश्चय शनिवारी मोडतो हे मान्य करणाऱ्या पद्धतीही उपयोगी पडतात. पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनानुसार ‘कमी पिईन’ या संकल्पापेक्षा ‘दुसरा पेला भरू लागले की मी पाण्याचा ग्लास हातात घेईन’ अशी प्रसंग आणि कृती जोडणारी योजना अधिक पाळली जाते. निर्णय आधीच झालेला असतो, ऐनवेळी फक्त तो अमलात यायचा असतो. आधी जेवणे, गाडी घरी ठेवून येणे, खंब्याऐवजी मोजून घेणे ही त्याच जातीची साधी साधने आहेत. किंमत, दुकानांची संख्या आणि वेळ यांवरचे नियंत्रणही आवेगी पिण्यावर अधिक परिणाम करते, कारण ठरवून पिणारा आधीच साठा करून ठेवतो.

व्यसन जडलेल्यांसाठी महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्था आहेत; डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ती १९८६ मध्ये सुरू केली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्या जोडीला ‘मुक्तिपथ’ ही गावोगावची मोहीम डॉ. अभय बंग यांच्या प्रेरणेने चालते. पण शनिवारचा क्वार्टरवाला तरुण स्वतःला व्यसनी समजत नाही आणि व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढत नाही. तो अस्थिरोग विभागात हात मोडून येतो, पोलीस ठाण्यात येतो, नापास होऊन प्राध्यापकांसमोर येतो. त्याला तिथेच गाठण्याचे साधन उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी दोन-तीन मिनिटांत होते आणि आठ किंवा अधिक गुण आले की धोका समजतो. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी घेतली. मनोविकारतज्ज्ञाऐवजी प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी त्यांच्याशी चारपर्यंत बैठकांत बोलायचे, अशी ही पद्धत होती. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण या गटात ३६ टक्के होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खर्च किरकोळ आहे आणि माणसे गावातलीच आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचे नोंदले गेले होते. अवलंबित्वापर्यंत न पोचलेल्या, फक्त शनिवारी पिणाऱ्या तरुणाची त्या मोजणीत नोंदच होत नाही.